बापाच्या नावापुढची अक्षरं: जर्मन शेफर्डची पेडिग्री वाचताना

'इम्पोर्टेड लाइन', 'व्ही-रेटेड फादर', 'आयजीपी थ्री ब्लड'. पिल्लांच्या जाहिरातींत हे शब्द सर्रास दिसतात. ही अक्षरं खरी असली तरी त्यातलं प्रत्येक वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. एकाच्या जोरावर दुसरं गृहीत धरलं की फसगत होते.

१८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्सने जर्मनीत या जातीची संघटना काढली. तिला एसव्ही म्हणतात आणि तिचं मुख्यालय आऊग्सबुर्गला आहे. नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर होरांड नावाचा नर आहे. कुत्रा कामाचा असेल तरच पुढे त्याची पैदास व्हावी, ही श्टेफानित्सची भूमिका होती आणि आजचे नियम तिथूनच आले.

पैदाशीच्या परवानगीपर्यंत पोहोचायची पहिली पायरी बीएच, म्हणजे वागणुकीची परीक्षा. कुत्रा किमान १५ महिन्यांचा हवा. पट्ट्यासह आणि पट्ट्याशिवाय सोबत चालणं, माणसांच्या घोळक्यातून जाणं, दुसरा कुत्रा काम करत असताना निमूट पडून राहणं हे मैदानावर बघतात. मग रस्त्यावर सायकलवाला, धावणारा माणूस, गाडी यांच्यापुढे तो कसा वागतो ते पाहतात. बीएच म्हणजे फक्त सभ्यपणाचा दाखला. जाहिरातीत ती 'वर्किंग टायटल', म्हणजे कामाची पदवी, म्हणून मिरवत असेल, तर विकणाऱ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही असं समजावं.

कामाची खरी परीक्षा आयजीपी. २०१९ पासून हे नाव आहे. त्याआधी आयपीओ होतं आणि जुन्या पिढ्यांच्या नावापुढे शुट्झहुंड दिसेल, पण शिडी तीच. तीन पातळ्या आणि प्रत्येक पातळीत तीन भाग: माग काढणं, आज्ञापालन, संरक्षण. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि प्रत्येकात किमान ७० लागतात. पहिल्या पातळीला वय १८ महिने पूर्ण हवं. तिथला माग हँडलरने, म्हणजे कुत्र्याला हाताळणाऱ्याने, स्वतःच चालून टाकलेला, सुमारे ३०० पावलांचा आणि २० मिनिटं जुना असतो. तिसऱ्या पातळीला अनोळखी माणसाचा, ६०० पावलांचा, चार वळणांचा आणि तासभर शिळा. वाटेत टाकलेल्या तीन लहान वस्तूही कुत्र्याने दाखवायच्या असतात. घाईचा कुत्रा हमखास वळणावर चुकतो. वास सरळ पुढे गेला असेल असं धरून तो पळत राहतो आणि माग सुटतो.

संरक्षणात लोकांचं लक्ष चाव्याकडे असतं, पण कस लागतो तो सोडण्यात. लपलेल्या हेल्परला, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाला, शोधून न चावता भुंकत रोखून धरायचं, तो पळाला की त्याच्या हातावरची जाड संरक्षक बाही पकडायची, आणि आज्ञा होताच ती सोडायची. पहिल्या आज्ञेनंतर आणखी दोन आज्ञा देऊनही सोडली नाही तर कुत्रा बाद. हेल्पर अंगावर येऊन, मऊ काठी उगारून दबाव आणतो. तेव्हा बाही अर्धवट धरणारा, कचरणारा किंवा मागे हटणारा कुत्रा लगेच कळतो. एक गोम मात्र आहे. स्वतःच्या क्लबच्या मैदानावर, रोजच्या हेल्परसमोर मिळवलेलं टायटल आणि परक्या मैदानावरचं टायटल कागदावर सारखंच दिसतं. म्हणून नुसतं 'आयजीपी १' ऐकून थांबू नये, तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे मागावेत. ७२-८५-७१ आणि ९४-९१-९५ हे दोन्ही उत्तीर्णच, पण कुत्रे अगदी वेगळे.

आयजीपीऐवजी एचजीएच ही खऱ्या कळपावरची परीक्षाही चालते. कमीत कमी दोनशे मेंढ्या असतात. शेताच्या कडेने, कुंपण नसलेल्या पिकाच्या सीमेवर कुत्रा फेऱ्या मारतो आणि कळपाला हिरव्यात शिरू देत नाही. जातीचं मूळ काम हेच, पण आता ते करणारे फार थोडे उरलेत.

एडी म्हणजे सायकलसोबत २० किलोमीटर दौड. वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर आणि मध्ये विश्रांती. पंजे घासले गेलेत का ते तपासतात आणि शेवटी थोडं आज्ञापालन घेतात. हवा २२ अंशांच्या वर असेल तर ही परीक्षा घेत नाहीत. पुण्या-नागपुरात कोणी एप्रिलच्या दुपारी कुत्र्याला स्कूटरमागे पळवून 'स्टॅमिना' बनवत असेल, तर त्याला हा आकडा जरूर सांगावा.

मग हाडं. कंबरेचा आणि कोपराचा एक्स-रे वयाच्या बारा महिन्यांनंतरच ग्राह्य धरतात. 'नॉर्मल', 'जवळपास नॉर्मल' आणि 'अजून मान्य' या तीन श्रेणींना पैदाशीची परवानगी आहे. शिवाय नातेवाइकांच्या निकालांवरून प्रत्येक कुत्र्याचा अनुवंशाचा आकडा निघतो आणि जोडीची सरासरी १०० च्या वर चालत नाही. हा आकडा एकट्या एक्स-रेपेक्षा जास्त सांगतो, कारण स्वतःची कंबर चांगली असूनही भावंडं लंगडी असू शकतात. मणक्यातल्या मज्जारज्जूचा आजार, म्हणजे डीएम, एक्स-रेत दिसत नाही. त्याची जनुकीय चाचणी वेगळी मागावी.

हे सगळं असेल तर शेवटी क्योरुंग, म्हणजे पैदाशीसाठीची निवड. उंची मोजतात, नर ६० ते ६५ सेंटिमीटर आणि मादी ५५ ते ६०. बांधा आणि चाल बघतात. बंदुकीचा आवाज आणि हेल्परचा हल्ला यांना कुत्रा कसा सामोरा जातो ते पाहून शेरा देतात. पहिली मान्यता ठरावीक मुदतीची असते, पुन्हा पास झाला तर जन्मभराची. नर २४ महिन्यांचा आणि मादी २० महिन्यांची होईपर्यंत पैदास नाही.

सर्वांत जास्त घोळ 'व्ही' या अक्षराचा. नेहमीच्या शोमध्ये व्ही म्हणजे दिसण्यातली सर्वोच्च श्रेणी, आणि ती २४ महिन्यांनंतरच मिळते. आयजीपीतही व्ही असतो, पण तो ३०० पैकी किमान २८६ गुणांना. विकणारा 'व्ही-रेटेड' म्हणतो तेव्हा 'कुठला व्ही?' एवढंच विचारावं. आणि चौकशी बापापुरती ठेवू नये. पिल्लांचं अर्धं रक्त आईचं असतं, शिवाय पहिले दोन महिने ती तिच्याजवळच वाढतात. तरी आईच्या नावापुढची जागा बहुतेक जाहिरातींत रिकामीच असते. तिचे एक्स-रे आणि गुणपत्रिका आधी मागा, चिप क्रमांक कागदाशी जुळवा, बापाचा फोटो नंतर बघा.