तुम्ही विचारलंत म्हणून : चांगला कॅमेरा नसेल तर थांबायचं का?

शॉर्टफिल्म करू पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, ‘चांगला कॅमेरा परवडत नाही, तर थांबू का?’ नुसतं ‘थांबू नका’ म्हणून त्यांचं समाधान होत नाही. मग मी त्यांना पिक्सेलव्हिजनची गोष्ट सांगतो.

१९८७ साली अमेरिकेत फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीने मुलांसाठी पीएक्सएल-२००० नावाचा व्हिडिओ कॅमेरा काढला, तोच हा पिक्सेलव्हिजन. प्लास्टिकचा, पेन्सिल सेलवर चालणारा. चित्र उमटायचं ते गाण्यांच्या साध्या ऑडिओ कॅसेटवर. आवाजाच्या मानाने चित्राला टेप खूप लागते, म्हणून ती भरधाव पळायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम ११ मिनिटं मावायची. एवढं करून चित्र कृष्णधवल, आडवे १२० ठिपके, उभे ९०, भोवती काळी चौकट. लांबचा माणूस म्हणजे नुसता करडा डाग. खेळणं फारसं खपलं नाही आणि लवकरच बंद झालं.

पण त्या भिंगाला फोकस करावा लागत नसे. वस्तू काचेला जवळजवळ टेकवली तरी दिसायची. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातल्या सेडी बेनिंग यांना ऐन किशोरवयात हा कॅमेरा मिळाला तो वडिलांकडून. वडील जेम्स बेनिंग स्वतः प्रायोगिक फिल्मकार. सेडी यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःवरच कॅमेरा रोखला. पडदाभर एक डोळा, ओठांचा कोपरा, कागदावर हाताने लिहिलेले शब्द भिंगासमोरून हळूहळू सरकणारे. समलिंगी असणं, एकटेपणा, घरात न बोलता येणारं सगळं त्यात आलं. १९८९ पासूनच्या या टेप्स पुढे १९९३च्या व्हिटनी बायएनियलपर्यंत, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या नामांकित कलाप्रदर्शनापर्यंत पोचल्या. मोठा कॅमेरा असता तर त्याच्यामागे लाइटवाला, साउंडवाला अशी माणसं त्या खोलीत आली असती, आणि मला खात्री आहे, ते बोलणं घशातच राहिलं असतं.

मायकेल अल्मेरेडा या अमेरिकन दिग्दर्शकाने तर १९९२मध्ये ‘अनदर गर्ल अनदर प्लॅनेट’ ही अख्खी कथाफिल्म याच खेळण्यावर काढली.

म्हणून मी उलट विचारतो, तुमच्या मोबाइलला काय जमतं? मागचं धूसर करणारा मोड लावून महागड्या लेन्सचा आव आणलेल्या फिल्म पाहिल्या की जीव हळहळतो. कारण तोच मोबाइल तुम्हाला गर्दीच्या लोकलमध्ये, फडताळाच्या आत, आजीच्या मांडीवर नेऊन ठेवता येतो, आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. तुमच्या गोष्टीत असं काही असेल तर उद्याच सुरू करा. रात्रीचं विस्तीर्ण माळरान हवं असेल तर मात्र आधी एक रात्र तिथे जाऊन शूट करून बघा. अंधारात मोबाइलच्या चित्रात जे दाणे-दाणे उमटतात ते गोष्टीला मानवत नसतील, तर प्रसंग संध्याकाळचा करा.

आणि थोडे पैसे साठवले असतील तर कॉलरला लावायचा माइक घ्या. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, पण संवाद कळेनासे झाले की उठून जातात.