आतून गेलेली बॅरल आणि जुन्या विंचेस्टरचं रीबोअरिंग

इथे मोंटानात ऑक्टोबरच्या शेवटी हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो आणि त्याआधी ऑफिसात निम्म्या गप्पा रायफलींच्याच असतात. माझ्या एका सहकाऱ्याकडे त्याच्या आजोबांची विंचेस्टर मॉडेल १८९४ रायफल आहे, थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाची, आणि १९६४ च्या आधीची, म्हणजे इथले लोक जिच्यावर जीव टाकतात तसली (१९६४ मधे कंपनीने खर्च वाचवायला बनवायची पद्धत बदलली, तेव्हापासून जुनीलाच मान). बाहेरून बघत राहावी अशी, पण बॅरल उजेडाकडे धरून आत बघितलं तर रायफलिंगच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या, खाचा कुठेतरी पुसट दिसतात, बाकी सगळे गंजाचे खड्डे. गोळीला पीळच मिळत नाही म्हटल्यावर नेम कसला लागणार!

एवढी सांभाळलेली रायफल आतून कशी गेली? जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधे (बुडाशी असलेली, घोडा आपटला की पेटणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की पोटॅशियम क्लोराईड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचंच भावंड, ते हवेतला ओलावा ओढत बसतं आणि पोलादाला गंज चढतो. आणि हे मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणजे शिकारीवरून आल्यावर ज्या माणसाने मनापासून तेलाचं फडकं फिरवून ठेवलं त्याचीही बॅरल जायची, आणि ज्याने गरम पाणी ओतून धुतली त्याची टिकायची.

आता उपाय काय, तर नवीन बॅरल लावा, किंवा आतून बारीक पोलादी नळी बसवून घ्या, किंवा रीबोअर करा. मला विचाराल तर अशा रायफलीला रीबोअरच. जुन्या स्कूटरचं सिलिंडर बोअर करून ओव्हरसाईझ पिस्टन टाकतात ना, तोच विचार, खराब थर काढायचा, भोक मोठं करायचं, आत नव्या खाचा पाडायच्या आणि मोठ्या गोळीचं काडतूस वापरायचं. बाहेरचे कंपनीचे शिक्के, साईट बसवायची खाच, इतक्या वर्षांत हाताळून उतरलेला रंग, सगळं जिथल्या तिथे राहतं.

भोक कितीचं करायचं हे मात्र मनात आलं म्हणून ठरत नाही, आणि इथेच मला खरी मजा वाटली. १८९४ मधे ही रायफल आली तेव्हा थर्टी-थर्टी नव्हतंच, आधी होतं थर्टीएट-फिफ्टीफाईव्ह, त्यातले ५५ म्हणजे ५५ ग्रेन (दारू मोजायचं जुनं वजन) काळी दारू. मग १८९५ मधे त्याच काडतुसाची मान आवळून, बिनधुराच्या दारूसाठी थर्टी-थर्टी केलं. म्हणजे दोघांचा बुडखा आणि कडा एकच, त्यामुळे भोक थर्टीएट-फिफ्टीफाईव्हचं केलं तर मॅगझीन, लिव्हर, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) कशाला हात लावायला लागत नाही, आणि दाबही थर्टी-थर्टीपेक्षा कमीच. रायफल एका अर्थी आपल्या मूळ घराण्यातच परत जाते.

काम बघायला मी मुद्दाम सहकाऱ्याबरोबर गेलो कारण माझी नोकरी मशीनशॉपचीच. बॅरल ॲक्शनपासून, म्हणजे मागच्या यंत्रणेपासून, सोडवली, मग रीमरने भोक ७.६ मिलिमीटरवरून साधारण साडेनऊच्या जरा खाली आणलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटरसुद्धा नाही, पण खड्डे तेवढ्यात निघून गेले. मग रायफलिंग. लांब दांड्याच्या टोकाशी एकच छोटा आकड्यासारखा कटर, दांडा ओढला जातो आणि ओढता ओढता फिरतो, तेल सतत चालू. एका फेरीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी धातू निघतो. एक खाच, मग बॅरल थोडी फिरवून दुसरी, अशा सहाही झाल्या की कटर किंचित वर उचलायचा आणि परत पहिल्यापासून. कारागीर कटर बाहेर आला की प्रत्येक वेळी त्यावरचा पोलादाचा बारीक कीस ब्रशने झटकायचा, एकदाही चुकला नाही, कारण तो कीस आत गेला तर खाच ओरखडते. पीळही बदलतो बरं का. थर्टी-थर्टीला १२ इंचात एक फेरा, थर्टीएट-फिफ्टीफाईव्हला १८ इंचात, कारण गोळी लांबीच्या मानाने जाड आहे आणि तिला कमी फिरकी पुरते. वजन मात्र ११ ग्रॅमवरून साडेसोळावर जातं.

शेवटी चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) मान उघडली आणि बॅरलवर नवीन कॅलिबरचा शिक्का मारला. हा शिक्का सगळ्यात महत्त्वाचा, कारण थर्टी-थर्टीचं काडतूस या चेंबरमधे आरामात शिरतं, आणि बार काढला तर बारीक गोळी नळीत खडखडत जाणार आणि पुंगळी फाटायची भीती. सहकाऱ्याने घरातले थर्टी-थर्टीचे सगळे खोके भावाला देऊन टाकले. उलट बाजूनेही धोका आहे, १९७८ ला थ्री-सेव्हंटीफाईव्ह विंचेस्टर म्हणून काडतूस आलं, दिसायला जवळपास हेच, पण दाब कितीतरी जास्त, ते जुन्या रायफलीत कधीही घालायचं नाही.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो, मी स्वतः रायफल घेतलेली नाही. वर्क व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. त्यामुळे नवीन आला असाल तर दुकानात शिरायच्या आधी वकिलाला विचारा, मित्राला नको. सहकारी आता शिशाच्या गोळ्या स्वतः ओततोय, कारण या कॅलिबरची तयार काडतुसं दुकानात क्वचितच दिसतात, आणि पुढची साईट बदलून नेम बसवायचं काम अजून बाकी आहे.