काकूंचं कुंकू आणि माझं एक्स्पोजर

शनिवार, रात्रीचा दीड

झोप काही येत नाही, तर लिहूनच टाकते. ब्रह्मकमळ फुललं. एकच फूल, पण यंदाचं पहिलं.

तीन आठवड्यांपूर्वी पानाच्या खाचेत तांदळाएवढी कळी दिसली होती. पान आपलं म्हणायचं, खरं तर ते चपटं झालेलं खोड. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे निवडुंग तिकडे मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यफूल. शेजारच्या काकूंना हे दोनदा सांगून पाहिलं. "असू दे गं," म्हणाल्या.

पहिली तीन वर्षं मला कळीच दिसली नव्हती. लाडाने मोठी कुंडी दिली, रोज पाणी घातलं; खोड बुडाशी पिवळं पडून मऊ झालं. त्यातली धड राहिलेली दोन पानं आठ इंची कुंडीत खोचली, सकाळचं ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवली आणि पाण्याचा हात आखडला. तेव्हापासून फुलतंय.

परवापर्यंत कळी खाली लोंबत होती. काल तिने मान वर उचलली, आणि आज संध्याकाळी टोक सैल पडलं. साडेसातलाच कपड्यांच्या दोरीवर काळी ओढणी टांगली, ट्रायपॉड लावला. गेल्या वर्षीचे सगळे फोटो वाया गेले होते. मागे काळोख दिसला की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि पांढऱ्या फुलाचा नुसता डाग होतो. यंदा एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणलं, फ्लॅश बंद केला, बाजूने टॉर्च धरला आणि त्यावर बटर पेपर. पहिल्यांदाच पाकळीवरच्या शिरा दिसल्या! पाकळी हलताना डोळ्यांना कळत नाही. दहा मिनिटांपूर्वीचा फोटो शेजारी धरला की कळतं, केवढी सरकली ते.

दहाला काकू आल्या. हातात निरांजन, हळदीकुंकवाची कोयरी, मागे अर्धा मजला. मी "काकू, जरा थांबा" म्हणेपर्यंत कुंकवाचं बोट पाकळीला टेकलं होतं. तीन आठवडे राखलेली ती पाकळी, आणि तिच्यावर लाल ठिपका. चिडले होते, पण बोलले नाही. तेवढ्यात त्यांनी ओवाळायला निरांजन फुलाच्या तोंडाशी नेलं. आतला पुंकेसरांचा झुपका पिवळाधमक उजळला, पाकळ्या आतून मेणासारख्या झाल्या. मी मुकाट्याने बटण दाबत राहिले.

एकूण चौसष्ट फोटो निघाले. टॉर्चचे नेटके आहेत, कॅटलॉगमध्ये शोभतील असे. निरांजनाचे बरेचसे हललेत. त्यातल्या एकात मात्र खाली काकूंच्या बांगड्या आहेत, वर ते फूल, ठिपक्यासकट. तोच मोठा करून घेणार आहे.

आत्ता पुन्हा गॅलरीत जाऊन आले. वास दारापर्यंत येतोय. उजाडेपर्यंत हे फूल ओल्या रुमालासारखं लोंबेल. उद्या पाणी घालायचं नाही, माती अजून ओली आहे.