वराडचे आडनाव आणि डब्लिनचे सभागृह

२०१० च्या जानेवारीत आयर्लंडच्या संसदेत समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीचा दर्जा देणाऱ्या विधेयकावर चर्चा चालू होती. त्या चर्चेत एकतीस वर्षांच्या एका खासदाराने असे मत मांडले की प्रत्येक मुलाला आई आणि वडील असण्याचा हक्क आहे आणि सरकारने होता होईल तेवढा तो जपला पाहिजे. अर्थ उघड होता: समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक देणे त्याला मान्य नव्हते. पाच वर्षांनी हाच खासदार देशाचा आरोग्यमंत्री होता आणि १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत त्याने आपण गे असल्याचे सांगितले. त्याचे नाव लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड.

समलिंगी माणसांना राजकारणात प्रतिनिधित्व हवे, असे आम्ही मंडळी नेहमी म्हणतो आणि म्हणताना बहुधा एवढेच गृहीत धरतो की आपल्यातले कुणी सभागृहात जाऊन बसले की काम झाले. २०१० मध्ये आमच्यातले कुणी तिथे बसलेले होतेच की! पण ज्याला स्वतःविषयी बोलता येत नाही, त्याच्या तोंडी बहुसंख्यांचीच भाषा येते, आणि कधीकधी ती इतरांपेक्षा थोडी अधिक जोरात येते. याबद्दल वराडकरांना ढोंगी म्हणावे असे मला वाटत नाही. नोकरीच्या ठिकाणी आमच्यासारख्यांवर झालेल्या विनोदांना मीही वर्षानुवर्षे हसून दाद दिलेली आहे, त्यामुळे त्या भाषणामागची तारांबळ मला ओळखू येते. मुद्दा इतकाच की तेव्हा ते डब्लिन पश्चिम मतदारसंघाचे प्रतिनिधी होते, आमचे नव्हते.

वराडकरांना २०१५ मध्ये जे बोलता आले, त्याची जमीन दुसऱ्याच एका माणसाने नांगरून ठेवली होती. डेव्हिड नॉरिस हे ट्रिनिटी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवणारे प्राध्यापक. ब्रिटिशांनी १८६० मध्ये आपल्याला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ दिले, तसेच १८६१ आणि १८८५ चे त्यांचे कायदे आयर्लंडमध्ये स्वातंत्र्यानंतरही जसेच्या तसे टिकून होते. नॉरिस यांनी त्यांच्याविरुद्ध १९७७ मध्ये दावा लावला. उच्च न्यायालयात ते हरले, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले आणि अखेर १९८८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकले. मात्र मला या खटल्याइतकेच महत्त्व १९८७ सालाचे वाटते. त्या वर्षी, म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हेगार असतानाच, नॉरिस वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. ते निवडून आले विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मतदारसंघातून. आपल्या विधान परिषदेतही पदवीधर मतदारसंघ आहेत, आणि त्यांचा उपयोग आपण कशासाठी करून घेतला, हा विचार माझ्या मनात येऊन जातोच.

स्ट्रासबर्गच्या निकालानंतर पाच वर्षे सरकारने त्याची अंमलबजावणी लांबवली, तेव्हा सभागृहात त्याविषयी विचारणारा माणूस हजर होता. शिष्टमंडळ येते, निवेदन देते, चहा घेऊन निघून जाते. सदस्य जात नाही, तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. १९९३ मध्ये जुना कायदा रद्द झाला. त्यावर स्वाक्षरी करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनीच पूर्वी नॉरिस यांची वकिली केली होती. वराडकर त्या वेळी चौदा वर्षांचे होते. चौदा वर्षांच्या मुलाला कायद्यातले बदल कळतात की नाही, सांगता येत नाही. पण आपल्यासारखा एक माणूस खासदार आहे, दाढीवाला आहे, मोठ्या आवाजात बोलतो आणि लोक त्याचे ऐकून घेतात, एवढे त्या वयात नक्की कळते. आशा म्हणतात ती माझ्या मते अशाच एखाद्या पुराव्यावर उभी राहते.

२०१५ च्या त्या मुलाखतीत वराडकरांनी सांगितलेले कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील बंदी, सरोगसीचा कायदा असे विषय आरोग्यमंत्री म्हणून त्यांच्यापुढे येणार होते आणि विवाहसमानतेवर सार्वमतही व्हायचे होते. अशा वेळी आपला काही छुपा हेतू आहे असे कुणाला वाटू नये, म्हणून त्यांना मोकळेपणाने सांगून टाकायचे होते. आपण अर्धे भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही आणि गे राजकारणीही नाही, या सगळ्या गोष्टी आपला केवळ एक भाग आहेत, असेही ते म्हणाले. २२ मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी विवाहसमानतेच्या बाजूने मत दिले. ४३ पैकी ४२ मतदारसंघांत कौल होकारार्थी होता, आणि परदेशी गेलेली तरुण मुले केवळ मत देण्यासाठी विमानाने आणि बोटीने घरी आली होती. एका मंत्र्याच्या मुलाखतीने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. घरोघरी जाऊन आपल्या मुलाविषयी, बहिणीविषयी बोलणाऱ्या हजारो लोकांचे ते काम होते. पण त्या लोकांना दारात उभे राहून सांगता येत होते की तुमचा आरोग्यमंत्रीही तसाच आहे.

जून २०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला. माझे आजोळ कुडाळचे, त्यामुळे वराड म्हणजे अगदी शेजार. के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी काही काळ इंटर्नशिप केली होती, काका स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले होते, हे सगळे तपशील तासाभरात गोळा झाले. मग एका मावशीने विचारले, ‘‘लग्न झालंय का रे त्याचं?’’ गटावर तोवर माझ्याविषयी कुणाला ठाऊक नव्हते. मी लिहिले, ‘‘जोडीदार आहे, मावशी. तोही डॉक्टरच आहे.’’ त्या ‘तोही’वर बराच वेळ कुणी काही लिहिले नाही आणि नंतर कुणीतरी पावसाचा अंदाज टाकला. माझ्या मामेभावाने मात्र रात्री स्वतंत्र निरोप पाठवला: ‘‘दादा, तू सांगितलंस ते बरं केलंस.’’ तो तेव्हा बारावीत होता. त्याने पुढे काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

२०१९ च्या डिसेंबरअखेरीस वराडकर कुटुंबासह गावी आले तेव्हा गावाने त्यांचे थाटात स्वागत केले. त्याच वर्षी मार्चमध्ये ते वॉशिंग्टनला उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या निवासस्थानी आपल्या जोडीदाराला बरोबर घेऊन गेले होते. समलिंगी विवाहाला पेन्स यांचा असलेला विरोध जगजाहीर होता. तिथे वराडकर म्हणाले की मी ज्या देशात वाढलो तिथे मी स्वतःसारखे वागायचे ठरवले असते तर कायदा मोडला असता. आज मी त्याच देशाचा नेता म्हणून उभा आहे आणि लोक मला माझ्या राजकीय कामावरून जोखतात. हे शेवटचे विधान खरे निघाले, आणि ते वराडकरांना महागातही पडले. डब्लिनमधली घरांची टंचाई, न परवडणारी भाडी, गरिबांच्या सरकारी मदतीविषयी त्यांची कठोर भाषा यांवरून त्यांच्यावर सडकून टीका झाली आणि टीका करणाऱ्यांत समलिंगी तरुणही भरपूर होते. मार्च २०२४ मध्ये दोन सार्वमते हरल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. इतर कुठल्याही पंतप्रधानाला ज्या कारणांनी जावे लागते, त्याच कारणांनी ते गेले.

उलट बाजूही आहे. वराडकरांच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, सर्बियात आना ब्रनाबिच पंतप्रधान झाल्या. त्या उघडपणे लेस्बियन आहेत. त्या सुमारे सात वर्षे पदावर होत्या, परंतु त्या काळात समलिंगी जोडप्यांना कसलीही कायदेशीर मान्यता मिळाली नाही आणि २०२२ मध्ये बेलग्रेडमधल्या युरोपभरच्या अभिमान (प्राइड) पदयात्रेवर त्यांच्याच सरकारच्या पोलिसांनी बंदी घातली. त्यांना निवडले होते वरच्या नेत्याने. त्यांच्या पाठीशी चळवळ नव्हती, मतदारसंघ नव्हता. म्हणून कुणी पक्ष आपल्यातल्या एखाद्याला व्यासपीठावर बसवतो तेव्हा मी टाळ्या वाजवतो खरा, पण त्याला तिथे कुणी बसवले आणि उद्या कोण उठवू शकेल, हेही पाहून घेतो.

या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोचे हार्वी मिल्क यांची गोष्ट मला फार शिकवून जाते. (त्यांचा वाढदिवस २२ मे, म्हणजे नेमका आयर्लंडच्या सार्वमताचा दिवस, योगायोगच.) आशेविषयीच्या त्यांच्या भाषणात पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूनासारख्या लहान गावात राहणारा तरुण येतो आणि मोठ्या शहरात एक समलिंगी माणूस निवडून आला ही बातमी त्याच्यापर्यंत पोचणे म्हणजे काय, हे ते सांगतात. भाषण सर्वांना आठवते. ते निवडून कसे आले हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. कॅस्ट्रो भागात कॅमेऱ्याचे दुकान चालवणारे मिल्क १९७३ आणि १९७५ मध्ये पर्यवेक्षक मंडळाच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या सभेच्या, निवडणुकीत हरले. तेव्हा सगळ्या जागांसाठी शहरभर एकत्र मतदान होत असे. १९७७ मध्ये शहराचे स्वतंत्र प्रभाग पाडले गेले, प्रत्येक प्रभागाला एक सदस्य मिळाला आणि कॅस्ट्रोच्या प्रभागातून मिल्क जिंकले. मोठ्या शहरात विखुरलेली मते एका वस्तीत मोजली गेली, इतकेच झाले. निवडून आल्यावर त्यांनी समलिंगी व्यक्तींना नोकरीत आणि घर मिळवताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध नियम मंजूर करून घेतला. पण शहरभर त्यांचे नाव झाले ते कुत्र्यांच्या मालकांना रस्त्यावरची घाण उचलायला लावणाऱ्या नियमामुळे. नगरसेवकाला हेच करावे लागते. नोव्हेंबर १९७८ मध्ये, पद मिळून वर्षही झाले नसताना, त्यांची आणि महापौर मॉस्कोनी यांची एका माजी सहकाऱ्याने गोळ्या घालून हत्या केली.

आपल्याकडे मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात. पुण्यात २०१७ मध्ये बहुतेक प्रभागांतून प्रत्येकी चार नगरसेवक निवडून आले. एवढ्या मोठ्या प्रभागात पक्षाच्या पॅनेलबाहेरच्या उमेदवाराचा टिकाव लागणे अवघड, आणि पॅनेल ठरवताना पक्ष ‘वादग्रस्त’ नाव टाळणार हे उघड. प्रभागरचनेच्या हरकतींच्या सुनावणीला आमच्या संघटनांपैकी कुणी गेल्याचे मी ऐकलेले नाही. आम्ही पदयात्रेची तारीख ठरवण्यात गुंतलेले असतो. तरंगफळ या माळशिरस तालुक्यातल्या गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंचपदी निवडून दिले. त्या लढतीत छोटा मतदारसंघ आणि ओळखीचा माणूस या दोन्ही गोष्टी होत्या. तृतीयपंथी समाजाला निदान दिसण्याची सवय आहे, समाजाला त्यांना पाहण्याची आहे. गे माणूस मात्र शेजारी राहत असूनही दिसत नाही, म्हणून तो उमेदवार म्हणूनही कुणाच्या मनात येत नाही.

दिल्लीत काय होते ते आकड्यांतच पाहावे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला लोकसंख्येचा अत्यल्प अंश म्हटले, कलम ३७७ कायम ठेवले आणि ते बदलायचे असेल तर संसद बदलू शकते, असे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी त्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, आणले, तेव्हा लोकसभेने ते मांडूच दिले नाही: विरोधात ७१ मते, बाजूने २४. २०१८ मध्ये सरकारने हा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोडला आणि ६ सप्टेंबरला न्यायालयाने तो सोडवला. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये आयर्लंडच्या संसदेने जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची माफी मागितली होती. तिथे माफी संसदेने मागितली. इथे ती मागायला हवी, असे न्यायमूर्तींना लिहावे लागले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न आला, तेव्हा न्यायालयाने चेंडू पुन्हा संसदेकडे टोलवला. त्या दिवशी दोन्ही सभागृहांत उघडपणे समलिंगी असा एकही सदस्य नव्हता.

महाराष्ट्राने काही केलेच नाही असे नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने २०२० मध्ये पक्षात एलजीबीटी विभाग सुरू केला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडले, आणि २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाने अनिश गवांदे या उघडपणे गे असलेल्या तरुणाला राष्ट्रीय प्रवक्ता नेमले. सुळे यांच्याविषयी मला आदर आहे. मात्र आजवर संसदेत केवळ चौदा खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये, हेही ठाऊक आहे. प्रवक्त्याला दूरचित्रवाणीवर बोलता येते, मतदान करता येत नाही.

दरम्यान २०२४ मध्ये केंद्राने पत्रके काढून स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, एकमेकांना नामनिर्देशित करता येईल आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले समजले जाईल. माझ्या जोडीदाराबरोबर संयुक्त खाते उघडायला मी एका बँकेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ते पत्रक पाहिलेले नव्हते. मी मोबाइलवर दाखवल्यावर त्यांनी मनापासून मदत केली. असे किती शाखांत होते, किती शिधावाटप कार्यालयांत अर्ज परत पाठवले जातात, याची माहिती प्रश्नोत्तराच्या तासात मागता येते आणि मंत्र्याला तिचे उत्तर द्यावे लागते. तो प्रश्न विचारण्यासाठी सदस्य गेच असला पाहिजे असे नाही. पण असा प्रश्न असतो, हे त्याला कुणी न सांगता ठाऊक असेल.