तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर ओके दिल्यावर कागदावर सही कशाला?

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या आमच्या व्हिजिटिंग कार्डाच्या दुकानात येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो, की भाऊ, डिझाईन व्हाट्सअपवर पाह्यलं, ओके देल्लं, मंग आता दुकानात येऊन कागदावर सही कायले? कृषी केंद्रवाले विचारतात, बोअरवेलवाले विचारतात, परवा एक ब्युटी पार्लरवाल्या ताई तर रागावूनच गेल्या, म्हणाल्या हिंगणघाटला गेलं की दोन तासात कार्ड हातात भेटते, तुमच्याकडे काय रजिस्ट्री लावायची आहे का. हिंगणघाट काही लांब नाही, जाऊ शकतात, गेलेही काही जण. बायको पण म्हणते की एका सहीपायी तू महिन्याचे चार गिऱ्हाईक घालवतोस. तर आता एकदाचं सगळं सांगून टाकतो, पटलं तर पटलं.

इतके दिवस मी जे उत्तर देत आलो ते खोटं नाहीये. व्हिजिटिंग कार्ड असतं साडेतीन बाय दोन इंचाचं, त्यात लोगोला जागा मिळते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी, आणि मोबाईलवर तुम्ही ते दोन बोटांनी ताणून ताटाएवढं करून पाहता. मोबाईलवर सगळंच छान दिसतं. एका डेअरीवाल्या दादाला लोगोत गाय, वासरू, कळशी, उगवता सूर्य आणि मागे डोंगर पाहिजे होता, मी सगळं टाकून दिलं, मोबाईलवर खूश झाले, मग दुकानात बोलावून तेच खऱ्या साईजमध्ये साध्या कागदावर काळं-पांढरं काढून हातात दिलं तर त्यांनाच कळेना गाय कोणती आणि डोंगर कोणता. मग आम्ही दोघं दीड तास बसलो. ते एकेका गोष्टीवर बोट ठेवून झाकायचे आणि म्हणायचे, हे नसलं तर? सूर्य गेला, डोंगर गेला, कळशी गेली, वासरू काढताना त्यांना जरा वाईट वाटलं, शेवटी गायीचं तोंड आणि दोन शिंगं एवढीच राहिली, एका जाड रेषेत. आज तो लोगो त्यांच्या गाडीवर आहे, कॅनवर आहे, रबरी शिक्क्यावरही उमटतो. हे फोनवर झालं नसतं.

रंगाचंही तसंच. स्क्रीनचा पिवळा आतून उजेड मारतो, कागदाचा मारत नाही, आणि पांढऱ्यावर पिवळी अक्षरं टाकली की वाचताच येत नाहीत. त्यात आमची छपाई नागपूरला, तिथे एकाच शीटवर पंधरा-वीस जणांची कार्डं एकत्र लागतात, शेजारच्याच्या कार्डात गडद लाल असला तर त्याचा परिणाम आपल्याही कार्डावर होतो. आणि मराठी अक्षरांचं तर वेगळंच दुखणं आहे. इंग्रजी अक्षर बारीक केलं तरी चालून जातं, मराठीत वर मात्रा, रफार, खाली उकार, तेवढंच बारीक केलं की सगळा गिचका होतो. फाईल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचं चित्र न करता, पाठवली आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तर नावाच्या जागी काहीही छापून येतं. जुन्या फॉन्टमध्ये वऱ्हाडी मधला तो ऱ्ह धड येत नाही, एका ठेचेवाल्याच्या कार्डावर 'वर्हाडी' छापून आलं होतं, त्याला चाललं, मला अजून खुपतं.

पण एवढ्यासाठी फक्त दाखवलं तरी पुरतं, सही कशाला, असं कुणी म्हणालं तर बरोबर आहे. सहीचं कारण दुसरं आहे आणि ते सांगायला मला जड जातं.

कोविडच्या आधीची गोष्ट. वायगावच्या बाजूच्या एका गावातल्या मावशी, बचत गट चालवायच्या, हळद पावडर करायच्या. वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून आमच्या तालुक्यात हळदीच्या पाकिटांची आणि कार्डांची कामं बरीच यायला लागली होती. मावशींच्या गटाला मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये, म्हणजे बचत गटांच्या प्रदर्शनात, स्टॉल मिळाला होता, उमेद या सरकारी अभियानामार्फत. चार दिवसांत निघायचं होतं. लोगो मी मनापासून केला होता हे मला सांगायचंच आहे, हळदीचं कांड आडवं कापलं की आत जे गोल दिसतं ना, मध्ये गडद आणि बाहेर फिकट, तेवढंच घेतलं होतं. त्यांना त्यात जीआयचं चिन्हही टाकायचं होतं, मी नाही म्हटलं, कारण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि गटाची झाली नव्हती. एवढी काळजी मी घेतली. एवढी सगळी काळजी घेतली आणि फोन नंबर चुकवला.

कसा चुकला तेही सांगतो, कारण तेव्हापासून मी हा प्रकार दुसऱ्यांच्या कागदांवरही पाहिला आहे. मावशींनी वहीच्या मागच्या पानावर नंबर लिहून दिला होता. सुरुवातीचे आकडे इंग्रजीत, मुलानं शिकवले होते तसे, आणि शेवटचे चार मराठीत, हाताला सवय होती तसे. त्या चारात तीन होता, शून्य होतं, दोन होता, हे आकडे मराठीत आणि इंग्रजीत जवळपास सारखेच दिसतात, म्हणजे हात कुठे बदलला हे कळायला काही मार्गच नव्हता. आणि चौथा होता मराठी एक. गोल डोक्याचा, खाली शेपूट. मी तो इंग्रजी नऊ वाचला आणि टाईप केला. रात्री अकराला कार्डाचा फोटो व्हाट्सअपवर पाठवला, फोन त्यांच्या दहावीतल्या मुलाचा होता, त्यानं लगेच अंगठा पाठवला. सकाळी फाईल नागपूरला. तिसऱ्या दिवशी एसटीनं पार्सल आलं, हजार कार्डं, मावशी स्वतः घ्यायला आल्या, डबी उघडून वास घेतला कार्डाचा आणि म्हणाल्या, बापू, मस्त झालं.

मुंबईहून आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दुकानात आल्या. माल सगळा विकला गेला होता, कार्डंही जवळजवळ सगळी वाटली गेली होती, शंभराच्या आसपास उरली असतील. आनंदात होत्या पण एक गोष्ट त्यांना समजत नव्हती. म्हणाल्या, "इतके लोकं म्हणे आम्ही फोन करतो, दर महिन्याले पाठवजा, एका हॉटेलवाल्यानं तर दहा किलोचं सांगतलं, पण एकाचाई फोन नाही आला ना बापू. मुंबईचे लोकं असेच रायते का?" मी पाणी दिलं. आणि सहज, खरंच सहज, समोरचं कार्ड उचलून त्यावरचा नंबर माझ्या फोनवरून लावला, त्यांच्या पिशवीतला फोन वाजेल म्हणून. पिशवी गप्प होती आणि माझ्या कानात रिंग जात होती.

तिकडून एका माणसानं हिंदीत उचललं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "हल्दी चाहिए क्या भैया? मेरे पास नहीं है, रोज कोई ना कोई पूछता है."

मावशी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांना हिंदी समजतं.

आता यानंतर मी जे केलं ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. मी सॉरी म्हणालो नाही. मी फोन काढला, व्हाट्सअप उघडलं, वर सरकवत सरकवत त्या दिवसाचा फोटो शोधला आणि त्याखालचा अंगठा त्यांना दाखवला. म्हटलं, मावशी, हे पहा, तुमच्याकडून ओके आलं होतं. मी पस्तिशीचा माणूस, दुकानाचा मालक, आणि एका दहावीतल्या पोराच्या अंगठ्यामागे लपलो.

त्यांनी स्क्रीन नीट पाहिली. मग म्हणाल्या, "हा तं पोराचा अंगठा हाये. मले सही येते बापू. मी अंगठा नाही देत कुठीच."

आवाज चढवला नाही. गटात आल्यावर त्या सही शिकल्या होत्या, बँकेत, ग्रामसभेत, सगळीकडे सही करायच्या, हे मला माहीत होतं, वहीच्या त्याच पानावर खाली त्यांची सही होती. मी नंबर पाहिला होता, सही पाहिली नव्हती.

पुढचं लवकर सांगतो. हजार कार्डं माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिली. त्या हिंदीवाल्या भाऊंना पुन्हा फोन करून विनंती केली, माणूस चांगला होता, त्याच्याकडे शेवटचे चार-पाच नंबरच शिल्लक होते, ते त्यानं सांगितले, त्यातले दोघं अजूनही मावशींकडून हळद मागवतात. दहा किलोवाला हॉटेलवाला कोण होता ते कधीच कळलं नाही. कार्डाचे पैसे मी भरून दिले पण जे फोन आलेच नाहीत त्यांचं मोल काय आणि ते कसं भरायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तेव्हापासून नियम आहे. प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, कागदावर, खऱ्या साईजमध्ये. ज्याचं कार्ड त्यानंच यायचं, मुलगा नाही, भाचा नाही. नंबर मी तोंडानं एकेक आकडा म्हणतो आणि ते मान हलवतात, मग त्याच कागदावरून पाहून फोन लावायचा आणि त्यांच्या खिशात वाजला पाहिजे. जीएसटीचा नंबर १५ अक्षरांचा, त्यात ओ आणि शून्याची गल्लत, फूड लायसन्सचा १४ आकडी, तेही असेच वाचायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी पूर्ण कार्ड वाचून दाखवतो, पत्त्यासकट. मग सही.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं ठीक, पण फोन खिशात वाजला की काम झालं, तरी सही कशाला. इथे मी अडकतो. त्या प्रसंगाच्या आधीचा जो मी होतो तो हे ऐकून म्हणाला असता की तू सही घेतोस ती स्वतःच्या बचावासाठी, उद्या चूक निघाली तर अंगठ्याऐवजी सही दाखवशील एवढाच फरक. आणि त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. मागच्या वर्षी एका हार्डवेअरवाल्या काकाजींनी वाचून, तपासून सही केली आणि पिनकोड चुकलेला दोघांच्याही नजरेतून सुटला. भांडण झालं नाही, त्यांनीच विचारलं की आता पैसे कुणाचे. माझा हात ड्रॉवरकडे गेला होता, सही केलेला कागद काढायला. गेला होता हे खरं आहे. मग अर्धे-अर्धे केले. ते बरोबर केलं की चूक, पूर्ण मीच द्यायला पाहिजे होते का, यावर मी आणि बायको अजून एकमेकांचं ऐकत नाही.

पण तरी मला असं वाटतं की माणूस सही करायला पेन हातात घेतो तेव्हा एकदा थांबतो. अंगठा पाठवताना थांबत नाही. कितीतरी जणांनी पेन टेकवता टेकवता मान वर करून म्हटलंय, थांबा, वडिलांचं नाव असं नाही लिहीत आम्ही. आणि दुसरं असं की आमच्या भागात बऱ्याच लोकांनी आयुष्यात आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा कार्डावरच पाहिलेलं असतं, लग्नपत्रिका सोडली तर. त्याखाली त्यांच्या हाताचं काहीतरी असावं. हे हिशेबात बसत नाही, मला मान्य आहे, पण माझं मत तेच आहे.

आणि गंमत नाही सांगत, मागच्या आठवड्यात त्याच मावशींचा मेसेज आला. आता त्यांचा स्वतःचा फोन आहे. नवीन पत्ता टाकून कार्ड पाहिजे, मी फोटो पाठवला, पाच मिनिटांत अंगठा आला, त्यांचा स्वतःचा. मी म्हटलं मावशी, एकदा दुकानात येऊन जा, सही करायची आहे. तर बोलून मेसेज पाठवला: "आता काहून सही बापू? गुडघे दुखते माहे, एसटीत चढणं होत नाही. मी पाह्यलं नीट. छाप."

नंबर मी लावून पाहिला, त्यांनीच उचलला. पत्ता दोनदा वाचला. तरी फाईल अजून नागपूरला पाठवलेली नाही. प्रूफ काढून ठेवलंय, टेबलाच्या काचेखाली आहे. रविवारी गिरडकडे जायचं आहे, जमलं तर वाट वाकडी करून त्यांच्या घरी जाईन, पेन घेऊन. त्या चिडतील का, ते माहीत नाही.