चुन्याखालची औटकी

सावळ घाट ओलांडून पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर पोचलो, तेव्हा नऊ वाजले होते. डिसेंबर. खळ्यांवर भाताचा पेंढा रचून ठेवलेला. शाळेची जुनी खोली निर्लेखनात निघाली होती, सोमवारी पाडणार होते. गुरुजींनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “त्याआधी एकदा येऊन जा.”

लग्नांच्या फोटोंवर माझं घर चालतं. मोकळ्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या अशा एकखोली शाळा टिपत फिरतो. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा, सगळं दुपारपर्यंत घेऊन झालं. आत पांढऱ्या भिंती आणि ओल. माझ्या लेखी काम संपलं होतं.

साडेपाचच्या सुमारास बॅग उचलायला आत गेलो. मावळतीच्या खिडकीतून आलेलं ऊन उत्तरेच्या भिंतीला अगदी घासून जात होतं, आणि तिथे आकडे उठले होते! चुन्याचे हात कितीही चढवले, तरी खालच्या ऑइलपेंटचा थर किंचित वर राहतो. समोरून उजेड पडला की तो दिसत नाही, तिरपा पडला की त्याची सावली पडते. मी पटकन ट्रायपॉड लावला, फूटपट्टी भिंतीला टेकवली. ३॥, ७, १०॥, १४... दोन उभ्या रेघांचा अर्धा मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

ऊन गेलं. मग गुरुजींनी टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरली आणि मी हातहात पुढे सरकत फोटो काढत राहिलो.

उजेड बघून शेजारचे बाबा आले. ऐंशीच्या घरातले, याच खोलीत चौथीपर्यंत शिकलेले. चष्मा नव्हता, तरी भिंतीपाशी वाकून म्हणाले, “ही तर औटकी!”

औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे होते तोवर पावकी, निमकी, दिडकी, औटकी आल्याशिवाय बाजारात निभाव लागत नसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. भिंतीवरची अक्षरं त्याच्या आगेमागेची असावीत, असं मला वाटतं.

सातव्या ओळीखाली ओलीने गिलावा गळून पडला होता. तिथे नुसती माती. माझा जीव हळहळला. तीन ओळींसाठी आपण फार उशिरा आलो.

बाबांचं मात्र बोट थांबलं नाही. ते मातीवरून तसंच खाली उतरत गेलं. “आठ औटं अठ्ठावीस. नऊ औटं साडेएकतीस. दहा औटं पस्तीस.” सूर वर्गातल्या पोराचा.

“बाबा, पुन्हा एकदा म्हणता?” मी मोबाइल काढला.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. गुरुजींनी टॉर्च खाली घेतली नाही. ते रेकॉर्डिंग मी भिंतीच्या फोटोंच्या फोल्डरमध्येच ठेवलं आहे, सातव्या ओळीच्या फोटोनंतर.