भाचीच्या पदवीला दिलेली वर्गणी

भाचीचा बी.ए.चा निकाल लागला आणि जूनमध्ये ती लीव्हिंग सर्टिफिकेट आणायला महाविद्यालयात गेली. त्या अर्जावर ग्रंथालयाचा ‘काही येणे नाही’ असा शिक्का लागतो. तिने घरी राहिलेली दोन पुस्तके परत केली, कार्ड जमा केले, डिपॉझिट परत मिळावे म्हणून अर्ज भरला आणि शिक्का घेऊन ती घरी आली. काही दिवसांनी रात्री एक लेख उघडायला गेली, तर महाविद्यालयाने दिलेले लॉगिन बंद झालेले होते. तीन वर्षे घरबसल्या ती जे वाचत होती ते महाविद्यालयाच्या सभासदत्वावर वाचत होती, हे तिच्या आणि खरे सांगायचे तर माझ्याही तेव्हाच लक्षात आले.

पदवीनिमित्त तिला काय द्यावे हा प्रश्न तोवर घरात चर्चेत होताच. माझ्या बहिणीचे मत घड्याळाच्या बाजूने होते, कारण भेट चारचौघांत दिसायला हवी. मी मात्र ऑनलाइन ग्रंथालयाची वर्गणी द्यायचे ठरवले. भाची यंदा एम.ए.ला प्रवेश घेणार नाही. वर्षभर प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत १९८२ च्या गिरणी संपावरचे आपले टिपण वाढवण्याचा तिचा विचार आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि तिचे आजोबा त्यांपैकी एक होते, त्यामुळे हा विषय तिला कुणी नेमून द्यावा लागला नाही.

पहिले नाव सुचले ते जेस्टोरचे. ग्रंथालयांच्या मांडण्या जुन्या नियतकालिकांनी भरून चालल्या होत्या, त्यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेत जुन्या अंकांचा हा ऑनलाइन संग्रह उभा राहिला आणि आरंभी त्यात अर्थशास्त्राची व इतिहासाची मोजकी नियतकालिके होती. संस्थेबाहेरच्या वाचकासाठी त्यांचा ‘जेपास’ असतो. त्याचा वर्षाचा दर १९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सतरा हजार रुपयांच्या आसपास, आणि तेवढ्यात वाचन अमर्याद असले तरी उतरवून (डाउनलोड करून) घेता येतात ते १२० लेख. रक्कम भरण्याच्या पानापर्यंत जाऊन मी थांबलो, कारण तेथेच कळले की नुसते मोफत खाते काढले तरी महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. महिन्याला शंभर लेख खरोखर वाचून काढणारा विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही. म्हणजे वाचनाचे पैसे भरायचेच नव्हते. पैसे लागणार होते ते लेख स्वतःजवळ ठेवण्यासाठी, आणि तेवढ्याकरिता एका महिन्याचा १९.५० डॉलरचा पास पुरेसा होता. त्यात दहा लेख उतरवता येतात. आधी मोफत खात्यावर वाचून यादी करावी, ती गाळून दहावर आणावी आणि मगच पास घ्यावा, असे आमचे ठरले.

दुसरी गोष्ट ध्यानात आली ती अधिक गमतीची होती. तिला हवे असलेले बरेचसे लेख ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चे होते. हे साप्ताहिक मुंबईचे, संपही मुंबईचा, आणि मी मात्र ते लेख अमेरिकेच्या कोठारातून डॉलर मोजून आणायला निघालो होतो. साप्ताहिकाची वर्गणी रुपयांत भरता येते आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावरही आहेत. मुख्य भेट म्हणून मी तीच वर्षभराची वर्गणी दिली.

अशी भेट देताना खाते घेणाऱ्याच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर काढावे, हे मी आवर्जून सांगेन. आपल्या नावाने काढून पासवर्ड दिला, तर तिच्या खुणा आणि याद्या आपल्या खात्यात अडकून पडतात. महाविद्यालयाचा ईमेल तर मुळीच देऊ नये, कारण तोही आज ना उद्या बंद होतो. राहता राहिले आपोआप होणारे नूतनीकरण. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून अशी रक्कम कापण्याआधी २४ तास सूचना यावी लागते, हे खरे. पण ती सूचना आपल्या फोनवर येते आणि लेख वाचणारी व्यक्ती दुसरीच असते, म्हणून वर्गणी भरली त्याच दिवशी मी नूतनीकरण बंद करून टाकले.

वर्षाहून अधिक मुदतीची वर्गणी मी मुद्दामच घेतली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही तरतूद आहे, परंतु दार संस्थेतूनच उघडते. पुढल्या वर्षी भाची एखाद्या शासकीय विद्यापीठात गेली, तर ते तिच्यासाठीही उघडेल. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि पुढे कोठेच नाव न नोंदवलेल्या माणसासाठी मात्र त्यात जागा नाही, आणि ही गोष्ट मला खटकते. शिकणे संपले की वाचणेही संपते, असे कुणी गृहीत धरले असावे.

सध्या भाचीने दोनशे पानी वहीत लेखांची यादी सुरू केली आहे. परवा मोजली तेव्हा ती सदतीसवर होती आणि त्यांपैकी उतरवून घ्यायच्या चौदा लेखांपुढे तांबड्या पेनाने खूण होती. “मामा, अजून चार कमी करायचे आहेत, तोवर पास घेऊ नकोस,” असे तिने मला बजावले आहे. बहीण अजून घड्याळाचे विचारते.